दिलीपभाऊंची मागची सीट

दिलीपभाऊ मोटरसायकल थांबवली की लगेच उतरायचे नाहीत. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मान जराशी मागे वळवून थांबायचे. मागचं माणूस उतरेपर्यंत आपण थांबतो ना, तसं. मग स्टँड लावायचे. मागे कधीच कोणी नसायचं.

जळगावात ते आमच्या शेजारी एकटे राहायचे. शेतांमधून ठिबकच्या नळ्या बसवून द्यायचं त्यांचं काम. डावा पाय ओढत चालायचे. बोलणं इतकं मऊ, की गल्लीतल्या बायका घरच्या कटकटी त्यांना सांगून मोकळ्या व्हायच्या. एकदा भर उन्हात रिक्षा मिळेना, म्हणून मी म्हटलं, "भाऊ, चौकापर्यंत सोडता का?"

ते ओशाळले. "ताई, मांगे बठेल शे," म्हणाले. मागे कोणीतरी बसलंय. आणि सावकाश निघून गेले. मला हसू येणार होतं, पण जाणाऱ्या गाडीचं मागचं टायर दबलेलं दिसलं.

माझी धाकटी बहीण वैशाली तेव्हा कॉलेजात होती. धुळ्याच्या एका मुलावर तिचं प्रेम बसलं होतं. आमचे आबा एवढंच म्हणाले, "शिक्षण होऊ दे, मग त्याच्या घरी बोलतो." तिला तो नकारच वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिशवी भरून स्टँडवर गेली. मुलगा धुळ्याला वाट बघत होता. ती बसची वाट बघत असताना दिलीपभाऊंनी तिला पाहिलं आणि गाडी थांबवली. पिशवी पाहिली, तिचा चेहरा पाहिला.

"पारोळ्यापर्यंत येतेस? तिथून धुळ्याची गाडी मिळेल."

ज्यांनी कधी कोणाला बसवलं नाही ते बोलावतायत, या नवलातच ती बसली.

एरंडोल मागे पडल्यावर त्यांनी हायवे सोडला. नवा रस्ता झाल्यापासून तिथे जुन्या रस्त्याचा एक तुकडा तसाच पडून आहे, बाभळी वाढलेला, एका वळणाशी संपणारा. तिथे त्यांनी गाडी बंद केली.

"इथं शीला गेली," ते म्हणाले. "पारोळ्याची. तिच्या बापानं नाही म्हटलं नव्हतं. आखाजीचा सण होऊ दे, मग सोयरीक करू म्हणाला होता. मलेच दम नव्हता. तो फसवतोय असं डोक्यात बसलं, आणि तिला घेऊन निघालो. ती सारखी म्हणे, हळू चालव, परत फिर. मी रागमा आणखी दामटली. वळणावर कापसाची ट्रॉली उभी होती."

वैशाली गाडीवरून खाली उतरली.

"बठ्ठं हातमा व्हतं मना," ते म्हणाले. सगळं माझ्या हातात होतं. "आता तू सांग, धुळं का जळगाव?"

ती घरी आली. शिक्षण पुरं केलं, मग आबांनी बोलणी केली, आणि त्याच मुलाशी तिचं लग्न झालं. धुळ्याला सुखात आहे. पण त्या दिवशी घरी आल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, सीटवर जागाच नव्हती गं," ती म्हणाली. "मी पार मागच्या कॅरिअरला टेकले होते. पुढे सरकायला गेले की गुडघे कोणाला तरी लागायचे."

मी म्हटलं, भाऊंची हत्यारांची पिशवी असेल. पण ती पिशवी हँडलला असते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात दिलीपभाऊ झोपेतच गेले. सकाळी दार उघडेना, तेव्हा कळलं. जवळचं कोणी नव्हतं. कोणाला कळवायचं यावर गल्लीतली माणसं बोलत होती. तेवढ्यात एक रिक्षा थांबली. पांढरी टोपी घातलेला, खूप थकलेला म्हातारा उतरला, आत गेला आणि भाऊंच्या उशाशी बसला. कपाळावरून हात फिरवत राहिला.

मी पाणी दिलं. "बाबा, तुम्ही यांचे कोण?"

"सासरा," तो म्हणाला. "पारोळ्याहून आलो."

भाऊ त्या अपघातानंतर पारोळ्यात एकदाही गेले नव्हते. आमच्यातल्या कोणी अजून फोनही केला नव्हता. मी विचारलं, "कळवलं कोणी तुम्हाला?"

तो पाणी प्यायला, त्यानं पेला खाली ठेवला.

"शीला ऊनी व्हती," तो म्हणाला. शीला आली होती. "सांगी गई."