मला बघायला आलेली माणसं

डॉक्टरने अजून काही नक्की सांगितलेलं नसताना जी माणसं मोसंबी घेऊन दारात उभी राहतात, त्यांची माझ्या लेखी काडीची किंमत नाही. भाईंदरला आमच्या बिल्डिंगमध्ये अशी माणसं मजल्यामजल्यावर आहेत. माझ्या गालात जखम झाली त्या वर्षी ती सगळी मला बघून गेली.

जखम उजव्या गालाला, आतून. मिसरूड फुटलं तेव्हापासून मी तंबाखू खात आलो आणि ती त्याच गालात धरायचो. बरेच दिवस कोणाला बोललो नाही. पण मी एकाच बाजूने चावतोय हे बायकोने ओळखलं आणि मुलाला सांगितलं. मुलगा ऑफिसातला माणूस, त्याला लगेच घाम. मला केबिन रोडवरच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरने बॅटरी मारून तोंडात बघितलं, तंबाखू किती वर्षं खाताय ते विचारलं, आणि तिथून पुढे माझ्याशी बोलायचंच बंद केलं. जे काय सांगायचं ते मुलाला.

"यांना मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. तुकडा काढून तपासायला लागेल. उशीर नको."

मी म्हटलं, "डॉक्टर, बिघाड तोंडात आहे. कान चांगले आहेत माझे."

तो हसला असता तर बरं झालं असतं. नाही हसला. चिठ्ठी लिहून तीही मुलाच्याच हातात दिली.

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढला नाही. "ते नसेलच, पण दाखवून घेऊ," असं म्हणायचे. मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागायला वेळ होता. तेव्हा मोबाइल नुकते घराघरात आले होते, त्यामुळे बातमी लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यावर पोचली. सून, जिचं माझं रोज वाजायचं, ती एकदम गोड बोलायला लागली. "बाबा, मऊ शिरा करू का तुमच्यासाठी?" त्या शिऱ्याने मी जेवढा घाबरलो तेवढा डॉक्टरच्या बॅटरीने घाबरलो नव्हतो.

सोसायटीचा सेक्रेटरी आला. एरवी जिन्यात भेटला तर तोंड फिरवणारा माणूस. सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नहीं लेने का. ऊपरवाला है."

"वो तो है. पानी कितने बजे छोडेगा, वो बोलो."

मग खालच्या मजल्यावरचा बँकवाला. हा आपला मराठी माणूस, म्हणून जास्तच वेळ बसला.

"आमच्या साडूचं अगदी असंच सुरू झालं होतं, काका."

"मग?"

"अर्धा जबडा काढला."

"जगला का?"

"आहे. पण त्याला काय जगणं म्हणायचं?"

एवढं बोलून त्याने समोरची खारी चहात बुडवून खाल्ली, आणि दुसरी घेतली.

आता इथे एक सांगायला पाहिजे. माझ्या तोंडात माझे दात नाहीत, कवळी आहे. त्याच वर्षी नवीन करून घेतली होती आणि ती हिरडीला दाबत होती. दातांचा डॉक्टर म्हणाला, परत या, बघू. मी कशाला जातोय? काशीमीऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मी जन्मभर लेथवर लोखंड मापात आणलं. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, कधी दुरुस्तीला परत आला नाही. मला एक प्लास्टिकची कवळी मापात आणता येत नाही? घरात कानस होती. बसलो आणि घासली. चपखल बसली.

एरवी जेवण झालं की मी ती काढून वाटीत ठेवायचो. पण आता सकाळ-संध्याकाळ माणसं. बोळक्या तोंडाने मी कोणाला दर्शन देणार नव्हतो. मरायला टेकलेला म्हातारा बघायला आले होते ना, मग त्यांना दात दिसलेच पाहिजेत. उठल्यापासून झोपेपर्यंत कवळी तोंडात. जखम वाढत गेली. त्यांच्या मोसंबीचा रस असा झोंबायचा की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाणी बघून शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

बायको तेवढी रडली नाही. एक दिवस तिने माझी तंबाखूची डबी उचलली आणि खिडकीतून खाली टाकली. मी उतरून उचलून आणली नाही. एवढा मी घाबरलो होतो.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीण होती, माझ्या नातीएवढी. म्हणाली, "आजोबा, कवळी काढा." मुलाला म्हटलं, बाहेर थांब. तो हलला नाही. मग काढली. तिने तोंडात बघितलं, मग कवळी हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. तिचा हातमोजा अडकला.

"ही घासली कोणी?"

"मी."

"कशाने?"

"कानशीने. बारीक होती."

ती हसली. पण लगेच म्हणाली, "मला हे कॅन्सरसारखं वाटत नाही. कवळीची धार लागतेय. पण वाटण्यावर सोडायचं नाही. पंधरा दिवस कवळी घालू नका, तंबाखू बंद. जखम भरली तर मिटलं. नाही भरली तर तुकडा काढायचा."

मी कडेवरून बोट फिरवलं. धार होती. वर्कशॉपमध्ये एखाद्या नवख्याने अशी धार सोडली असती तर त्याच्या कानाखाली काढली असती. मुलाला रस्त्यातच दम दिला की कवळीचं घरी बोलायचं नाही. डॉक्टरने काढून ठेवायला सांगितलंय, बस्स.

पंधरा दिवस मी बोळक्या तोंडाने दार उघडलं. बँकवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सुरुवात झाली वाटतं."

"हो. पुढे काय काय काढतात ते साडूला विचारून ठेवा."

रोज सकाळी आरशासमोर गाल ओढून बघायचो. जखम लहान झाल्यासारखी वाटायची, मग वाटायचं आपणच मनाने लहान करतोय. दुसऱ्या खेपेला डॉक्टरणीने बघितलं, दाबून बघितलं, म्हणाली, "भरली, आजोबा. काही नाही. तंबाखूला मात्र परत हात लावू नका."

बाहेर बाकावर बसलो. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते. मी म्हटलं, "इकडे बघ. लोकांना वाटेल बाप गेला." तो हसला आणि आणखीच रडला. मी त्याचा हात धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

बिल्डिंगच्या जिन्यात बँकवाला भेटला.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "तरी दुसरीकडे दाखवून घ्या." अशी ही माणसं. आजार मोठा असता तर महिनाभर चहा प्यायला आली असती. बरा झालो तर कोणी दारावरची बेलसुद्धा वाजवली नाही.

घरात बायको तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही. मी म्हटलं, "काही निघालं नाही. कवळी टोचत होती. मीच घासली होती."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"कवळी?"

"हो."

"कानशीने?"

"हो."

मग ती बोलायला लागली. माझा हट्ट, माझी तंबाखू, माझा बाप, लग्नापासूनचं सगळं काढलं. जेवणं झाली तरी बोलतच होती. मी समोर बसून सगळं ऐकून घेतलं, एका शब्दाला उलट उत्तर दिलं नाही. सबंध संसारात तेवढं एकदाच.