चुकणाऱ्यांचा हेवा

माझी नात सई सकाळपासून मुद्दाम चुकीचे प्रोग्राम लिहीत बसली आहे. शिकणारं कुणी असं चुकलं, तर कॉम्प्युटरने त्याला काय सांगावं, हे ठरवणं तिचं काम. प्रत्येक चुकीची एक फाईल आणि त्या चुकीला द्यायचं उत्तर शेजारी जपून ठेवलेलं. प्रोग्राम लिहायच्या भाषेत जरा बदल झाला, की या सगळ्या चुका पुन्हा करायच्या आणि उत्तरं बिघडली नाहीत ना, ते बघायचं.

"आजी, हे वाच. टोचतं का गं?"

स्क्रीनवर होतं, 'इथे संख्या हवी होती, पण अक्षरं मिळाली. कदाचित तुम्हाला ही ओळ अशी लिहायची असेल.'

टोचलं. पण तिला वाटलं तसं नाही.

तरुणपणी मीही प्रोग्राम लिहायची. भोकं पाडून प्रोग्राम उतरवलेल्या कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटरच्या खोलीत द्यायचा. चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी कागदावर नुसता एक आकडा यायचा, त्याचा अर्थ जाडजूड पुस्तकात शोधायचा. मी शहाणी तो कागद नापासाच्या प्रगतिपुस्तकासारखा पर्समध्ये दडवायची. आणि नव्या मुली अडल्या, की मान वर करून म्हणायची, "पुस्तकात बघा." काय ती ऐट!

आता कुठल्या कोण अनोळखी माणसासाठी माझी नात 'कदाचित' ठेवावं की काढावं यावर तासभर डोकं खाजवते, आणि मी इथे जळत बसते.

"सई, मला शिकव ही भाषा."

"आता? कशाला गं?"

"चुकायला."