मास्कच्या वरची पट्टी

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांचा पूर्ण चेहरा मी कितीतरी वर्षं पाहिलाच नव्हता. खाली हिरवा मास्क, वर टोपी, आणि मधे उरायचे ते डोळे आणि वांगाने तपकिरी झालेली गालांची पट्टी. नाशिकच्या त्या छोट्या प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात मी चार वेळा टेबलावर झोपले आणि चारही वेळा जग त्या पट्टीपाशी संपलं.

सोळाव्या वर्षी उकळत्या पाण्याचं पातेलं उजव्या हातावर सांडलं आणि बोटं आखडली. आमची मखमलाबादला फुलशेती. हात असा मिटलेला राहिला तर पोरगी फुलं खुडणार कशी, हीच घरात चिंता. भूल देताना सिस्टर कानाशी वाकायच्या. "आकडे नको मोजू. उद्या बाजारात काय काय न्यायचं, ते सांग." मी सुरू करायची, शेवंती, झेंडू, गुलाब, निशिगंध... निशिगंधाच्या पुढे मी कधी गेलेच नाही. त्या पांढऱ्या दिव्याखाली त्याचा वास मात्र खरंच यायचा.

दुसऱ्या ऑपरेशनला हातावर लावायला मांडीची कातडी काढताना रक्त फार गेलं. म्हणून तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी रक्तस्राव कमी करणारं औषध सलाइनमधून दिलं, त्यातच भिजवलेलं गॉज मांडीवर दाबलं. शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी समजावलं, "गुठळी म्हणजे रक्ताला घातलेला बांध. हे औषध तो फुटू देत नाही. तुमच्या वाफ्याला असतो ना, तस्साच."

चौथ्या ऑपरेशननंतर बोटं उघडली. पहिला गजरा मी सिस्टरांसाठी ओवला, मोगऱ्याचा, चांगलाच वाकडा. ड्युटी संपल्यावर तो माळून त्या ऐटीत घरी गेल्या, असं मला नंतर कळलं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली आणि माझ्याही गालांवर वांग आला. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पाकिटावर ऑपरेशनच्या वेळच्या त्याच औषधाचं ओळखीचं नाव! मी थेट देवळाली कॅम्पला निवृत्त सिस्टरांच्या दारात. मास्कखाली एवढं मिश्कील हसू होतं, हे मला तेव्हा कळलं.

"आपलं औषध वांगावरही चालतं म्हणे!"

"चालतं की. गाल उजळलेल्या बायका पाहिल्यात मी."

"मग तुम्ही का नाही घेतलं?"

"माझ्या पायात गुठळी झाली होती गं. नको असलेला बांधही ते टिकवतं. तुमच्या घरात कुणाला झालीय?"

"छे, डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी 'नाही'च म्हटलं. आईच्या बाळंतपणात तिच्या पायाला वारं लागलं होतं, तेवढंच."

"पाय सुजला होता?"

"भोपळ्यासारखा. दवाखान्यात कित्येक दिवस पोटात सुया टोचत होते."

सिस्टरांनी माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "अगं, तीच गुठळी! घरात वारं म्हणता आणि डॉक्टरला 'नाही' सांगता? उद्या जाऊन सगळं सांग. तोवर एक गोळी नको. वांगाने कुणी मरत नाही."

डॉक्टरांनी सगळं ऐकून गोळ्या बंद केल्या. वांग राहिला, मीही राहिले.

सिस्टर आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. बाजाराला निघताना मी तोंडाला स्कार्फ बांधते आणि स्कूटीच्या आरशात बघते. डोळे आणि तपकिरी पट्टी, एवढंच उरलेलं असतं. त्या पट्टीला मी यादी सांगते. शेवंती, झेंडू, गुलाब, निशिगंध.

आणि सिस्टर, मोगरा.