दाजींच्या गाडीचं हँडल

"अरे संजू, तुझे दाजी उठंनात..." अक्काचा एवढाच फोन आला, तेव्हा मी नांदेडला दुकानाचं शटर वर करत होतो. उठंनात म्हणजे काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. उदगीरपर्यंत मनाशी एकच घोकत होतो, की रात्री भरपेट जेवून गाढ झोपले असतील. दाजींची झोप तशी सहजासहजी मोडणारी नव्हतीच. गल्लीत वळलो तर दारासमोर चपलाच चपला दिसल्या, आणि मग घोकायला काही उरलं नाही.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होते. माणूस अंगापिंडाने दांडगा, खाण्यात तरबेज आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. देगलूर रोडच्या आतल्या एका खेड्यात अक्का शिक्षिका. तिला रोज सकाळी मोटारसायकलवरून शाळेत सोडायचं आणि मग मिलमध्ये जायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. दाजी बसले की त्या गाडीचं सीट दिसेनासं व्हायचं. आम्ही मेहुणेमंडळी त्यावरून चिडवायचो, तर म्हणायचे, "गाडीला वजन लागतं, पाव्हणं. तुमच्यासारख्या काडी पैलवानाचं काम न्हाई ते."

गाड्यांचा नाद मात्र त्यांना खराच होता. तोही सगळ्या गाडीचा नाही, फक्त हँडल हलण्याचा आणि शॉकअपचा. इंजिनाचं कुणी विचारलं तर सरळ मेकॅनिककडे पाठवायचे. पण "दाजी, हँडल थरथरायलंय" म्हटलं की हातातला घास खाली ठेवून उठायचे. रविवारी मिलचं डाळ वाळवायचं पटांगण रिकामं असे, तिथे यांचा दवाखाना भरायचा. त्यांची एक अट होती : गाडी एकटी आणायची नाही. ज्यांना घेऊन ती रोज फिरते, ते सगळे हजर पाहिजेत. एकदा देगलूरचे एक पाहुणे बायकोला, पोरीला आणि ज्वारीच्या अर्ध्या पोत्याला घेऊन आले होते. दाजींनी पोरीला टाकीवर, बाईंना मागे आणि पोतं त्यांच्या मांडीवर असं सगळं बिऱ्हाड गाडीवर चढवलं आणि स्वतः गाडीच्या मागे जमिनीवर उकिडवं बसून शॉकअप किती दबतो ते बघत राहिले. पाहुण्यांच्या बायकोने लाजून पदर तोंडाला लावला होता. "अहो, फोटो काढायलाव का दुरुस्त करायलाव?" तिने विचारलं, तर दाजी मान वर न करता म्हणाले, "ताई, हलू नका. तुमच्यावरच समदं हाय." शॉकअपची खाच बदलून, म्हणजे स्प्रिंग वजनाप्रमाणे कडक करून, त्यांनी त्या सगळ्यांना पटांगणात तीन चकरा मारायला लावल्या. आम्ही हसून लोळायचे बाकी होतो.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हँडल हलायला लागलं तेव्हा मी शहाणपणाने कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असतं ते बेअरिंग, घट्ट आवळून घेतलं होतं. त्यानंतर गाडी सरळ जाईना, दारुड्यासारखी या कडेहून त्या कडेला. दाजींनी हँडल दोन बोटांनी ढकलून बघितलं आणि अक्काला हाक मारली, "बघा, तुमच्या भावानं गाडीचा गळा धरलाय." मग ते सैल करता करता मला समजावत राहिले, मी चहा पीत राहिलो. किती सुखाचे रविवार होते ते... तेव्हा मी लक्ष देऊन ऐकलं असं नाही. दाजी आहेत म्हटल्यावर कशाला ऐकायचं.

दिवसकार्य उरकलं, अक्काला कामावर हजर व्हायचा शाळेचा निरोप आला. अक्काची घडी बसेपर्यंत मी दुकान बायकोवर सोपवून उदगीरला राहिलो आणि दाजींच्या गाडीवरून तिला सोडायला लागलो. पहिल्याच दिवशी जरा वेग घेतला आणि हँडल हलायला लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अक्का शाळेच्या दारात उतरली ती गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. "संजू, इकून टाक ही गाडी," ती म्हणाली. "ह्यांच्या हाताखाली कधी हलली न्हाई. आता मला पाडती का काय." घरात त्यांचे कपडे वाटून झाले होते, खाट काढून ठेवली होती. गाडीही गेली तर या घरात दाजींचं काय राहील, या विचाराने मला रस्त्यातच रडू आलं. मी तिच्याकडे रविवारपर्यंतची मुदत मागितली.

रविवारी सकाळी अंगणात बसलो. हवा बघितली, चाक फिरवून रिम बघितली, कोनसेट दोन बोटांनी तपासला, शॉकअप दाबून बघितले. सगळं ठाकठीक. एकट्याने बाहेर जोरात चक्कर मारली, तर हँडल जागचं हललं नाही. परत आलो आणि अक्काला म्हणालो, "शाळेत जायच्या तयारीनं ये. पर्स, डबा, समदं घेऊन."

ती मागे बसली. ती नीट बसली का बघायला मी मागे हात नेला, तर हाताला नुसतं सीट लागलं. वळून बघितलं. माझ्या पाठीपासून तिच्यापर्यंत वीतभराहून जास्त जागा मोकळी होती, आणि अक्का पार टोकाला, कॅरियरला टेकून.

"एवढी मागं का बसलीस?"

"नेहमीचीच जागा हाय माझी."

दाजींच्या मागे तिच्या वाट्याला सीटचं तेवढंच टोक यायचं. इतकी वर्षं ती तिथेच बसली. पुढे त्यांचं वजन होतं, म्हणून चाक दबून राहायचं. आता पुढे मी काडी पैलवान, तिचं सगळं वजन टोकाला, आणि पुढचं चाक हलकं पडून थरथरत होतं. हे मी तिला सांगितलं. ती त्या मोकळ्या सीटकडे, दाजींच्या जागेकडे, बघत राहिली. मग सावकाश त्यावरून तळहात फिरवला.

"सरकू का पुढं?" तिने विचारलं.

विचारतानाही तिचा तळहात तिथेच होता. दुरुस्ती तेवढीच होती, दाजींनीही तीच सांगितली असती.

"नको अक्का," मी म्हणालो. "मी हळू चालवीन."

तिने डबा मांडीवर घेतला आणि होती तिथेच नीट बसली.