बीकेच्या ढिगातली लाकडं

इंकेनकाकूंच्या स्वयंपाकघरातून एकोणीस पवनचक्क्या दिसतात. त्यातल्या एकीत माझाही हिस्सा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं मला त्यामुळेच डाचतं.

जर्मनीच्या या उत्तर किनाऱ्यावर काकूंनी चाळीस वर्षं गावाच्या बीकेला केल नावाच्या कोबीच्या पानांची भाजी रांधली. बीके म्हणजे एकवीस फेब्रुवारीची आमची होळी. गाव महिनाभर लाकडं रचतं आणि ढिगावर पहारा ठेवतं, कारण शेजारगावचे टवाळ तो आधीच पेटवून पळतात.

काकूंच्या घरात विजेचे हीटर, नवऱ्यानं, मोमेनं हौसेनं बसवलेले. पुढे चक्क्यांची वीज बाहेर न्यायला आमच्या शेतांवरून तारा ओढल्या, आणि त्यांचा खर्च आमच्याच बिलांवर चढला. वारा आमचा, खांब आमच्या उरावर आणि भुर्दंडही आम्हालाच! मोमे गेल्यावर काकूंनी एकेक खोली बंद केली. आम्हाला वाटलं, एकट्या बाईला खोल्या लागतात किती.

त्या वर्षी सकाळचा पहारा माझा होता. उजाडता उजाडता ढिगामागे खुडबुड झाली.

"कोण रे तो आगलाव्या? ये बाहेर, तंगडंच मोडतो!" मी ओरडलो.

इंकेनकाकू बाहेर आल्या. हातगाडीत चार फळ्या आणि एका मोडक्या खुर्चीचे पाय.

"मोड की," त्या म्हणाल्या. "नाहीतरी थंडीनं वळत नाहीये ते."

"काकू, तुम्ही? लाकडं कशाला?"

"जुनी चूल पेटवते. हीटर डिसेंबरातच बंद केलेत. कुणाला बोलू नकोस, ब्रार. माझ्या भाजीची शपथ आहे तुला."

मी गाडी ढकलत त्यांच्या घरी पोचवली. दुपारी माझ्याकडची चांगली, कोरडी लाकडं नेऊन त्यांच्या दारात रचली. तिथंच माझं चुकलं. चोरी त्यांनी कशीबशी पचवली असती, दान पचलं नाही.

एकवीसला ढीग पेटवायला गेलो, तर माझी लाकडं त्यात नीट रचलेली. वर त्या खुर्चीचे पायसुद्धा. काकू आल्याच नाहीत. भाजी दुसऱ्या कुणी केली होती.

मार्चमध्ये घर विकायला काढून काकू मुलीकडे गेल्या, दूर दक्षिणेला, डोंगरांजवळच्या शहरात. मी फोन केला.

"ऊब आहे ना तिथं, काकू?"

"आहे रे. दिवसभर हीटर चालू असतो. इथं वीज स्वस्त. जावई म्हणतो, तुमच्याकडचीच आहे ती."