चांदी, सिमेंट आणि मिर्झासाहेबांची दाढ

दाताच्या दवाखान्यात किस्से साचतात, त्याचं कारण सोपं आहे. पेशंट तोंड वासून बसलेला, गालात कापूस कोंबलेला. तो बिचारा बोलणार काय? मग डॉक्टरच बोलतात! आणि आमच्या औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात तर डॉक्टर दोन, मिर्झासाहेब आणि नाना. मी तिसरा, नुकताच शिकून आलेला, म्हणून ऐकायला.

निजामाच्या राज्यातली गोष्ट ही. दोघांचा वाद एकच: किडलेल्या दाताचं भोक बुजवायचं कशानं? मिर्झासाहेब चांदीवाले. चांदीचा भुगा आणि पारा खलात घोटून दातात ठासायचे. नाना सिमेंटवाले. काचेच्या पट्टीवर पूड आणि औषध कालवून भरायचे.

"तुमच्या चांदीच्या कडेनं पाणी झिरपतं!" नाना म्हणायचे.

"और तुमचं सिमेंट थुंकीत विरघळतं, त्याचं काय?" मिर्झासाहेब.

गंमत बघा, दोघांच्याही तोंडात एकेक पोकळ दाढ! नाना डावीकडून गार पाणी पीत नसत. मिर्झासाहेबांचं जास्त अवघड होतं. वरखाली मिळून चावायच्या दाढांची एकच जोडी उरलेली, त्यातली खालची किडलेली. ती गेली की पान बंद. "पान गया तो मैं गया समझो," ते स्वतःच म्हणायचे. पण दाढ भरायची तर नानांच्या खुर्चीत बसावं लागणार! मला तर ते हातच लावू देत नव्हते. "मियाँ, अभी तुम्हारे दूध के दाँत नहीं गिरे!"

* * *

दात कोरायचं आमचं मशीन पायानं चालवायचं, थेट शिलाई मशीनसारखं. एकदा एक शिंपी खुर्चीत बसला. नानांनी पाय मारायला सुरुवात केली, तर ह्या बाबाचेही पाय हवेत सुरू! डोळे मिटलेले, पाय चालू. नाना थांबले की तोही थांबायचा. काम झाल्यावर चूळ भरून म्हणाला, "डॉक्टर, तेल घाला हो मशीनला. लई जड चालतंय."

नानांनी त्याच दिवशी तेल घातलं.

* * *

शेवटी वादाचा फैसला करायचं ठरलं. काढलेले दात भरून शाईत ठेवायचे. मग फोडून बघायचं, शाई कुणाच्या मसाल्याच्या कडेनं आत शिरली. पण दात आणायचे कुठून? आमच्याकडं ज्याला त्याला आपला दात परत लागतो! मिर्झासाहेबांनी एका म्हाताऱ्या खालांना, म्हणजे मावशींना, किती विनवलं. त्या म्हणाल्या, "नक्को बेटा, दफन करना है. कयामत के दिन सब उठेंगे, और मैं एक दाँत के वास्ते तेरे दवाखाने को आऊँ क्या?"

मिर्झासाहेबांनी निमूट दात कागदात बांधून दिला.

पाचोडचा एक शेतकरी मात्र दिलदार निघाला. "ठिवा की चारी! लई छळलं त्यांनी मला. शाईत बुडवा, न्हाय तर उकळून काढा!"

* * *

शाई सिमेंटात शिरली. मिर्झासाहेबांनी सगळ्यांना जिलेबी मागवली.

नाना जिलेबीला शिवले नाहीत. "आपल्या गावची माणसं शाई पितात का? पान खातात! पानाच्या पाण्यात ठेवा."

झालं! कात-चुन्याचं पाणी केलं, दात त्यात घातले आणि बरणी खिडकीत ठेवली. वाळूजहून एक जण सुजलेला गाल धरून आला, बरणी बघितली आणि ओरडला, "आरं बापरं, हितं दात रगतात मुरवत्यात!" जो पळाला तो अनवाणीच. त्याच्या वहाणा बरेच दिवस आमच्या दारात होत्या.

या खेपेला लाली चांदीच्या कडेनं आत गेली. जिलेबी नानांनी मागवली!

"चांदी ताजी आहे अजून," मिर्झासाहेब कुरकुरले. "दिवस गेले की कडेला गंज धरतो, फट आपोआप बुजते."

"आणि तोवर पेशंटनं तोंड मिटून बसायचं काय?" नाना म्हणाले.

खरं सांगतो, फार सुखाचे दिवस होते ते. घरी जायचं जिवावर यायचं.

* * *

एका सकाळी मिर्झासाहेब गाल धरून आले. पानाचा डबा हातात, पण उघडलेला नाही. सरळ नानांच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काढू नका, नाना. भरा. तुमचं ते सिमेंटच भरा, माझी हरकत नाही," असं म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले.

नानांनी दाढ कोरली, गालात कापूस भरला आणि कपाटाकडं गेले. थोड्या वेळानं खल घोटल्याचा आवाज यायला लागला. मिर्झासाहेबांनी खाडकन डोळे उघडले.

"आँ! आँ!"

"बोलू नका," नाना म्हणाले. "जन्मभर पान चावायचंय ना? तिथं चांदीच टिकेल. गप पडा."

आणि नानांनी चांदी ठासून भरली. इतकं हळू काम करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कपाळावर घाम आला होता.

"उद्यापर्यंत ह्या बाजूनं चावायचं नाही."

मिर्झासाहेब उठले. आरशात बराच वेळ बघत राहिले. मग साबणानं हात धुतले, रुमालानं खुर्ची पुसली आणि नानांकडं वळले.

"बसा."

"मला काय झालंय?"

"डावीकडची. बसा म्हणतो ना!"

नाना बसले. मिर्झासाहेबांनी काचेची पट्टी घेतली आणि सिमेंट कालवायला लागले.