पंपाची खंडेनवमी

दाराशीच कळलं की काहीतरी बिघडलंय. पंपाचा आवाज येत नव्हता.

नऊ महिने तो पंप अहोरात्र घरघरत होता. विष्णुपुरीच्या बाजूला आमची लहानशी प्रयोगशाळा, तिच्यात माणसाच्या उंचीची काचेची नळी आणि नळीत नाल्याचं पाणी. त्या पाण्यात मी जिवाणूंचे दाणे वाढवले होते. राजगिऱ्याएवढे, मळकट पिवळे. सांडपाण्यातला फॉस्फरस नदीत गेला की जलपर्णी माजते. माझे दाणे तो आधीच गिळून टाकत. फक्त त्यांना ठरल्या वेळी हवा लागे; पंप सतत चाले आणि झडप ती हवा वेळेवर नळीत सोडे. हवा तुटली की गिळलेलं सगळं ओकत, आणि फार वेळ तुटली तर फुटून मरत. माझी पीएचडी म्हणजे हेच दाणे. दुसरं बियाणं माझ्याकडे नव्हतं.

दसऱ्याआधी दोन दिवस मी उदगीरला घरी गेले होते, ती आज दसऱ्यालाच परतले होते. जाताना प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना मोठ्या शहाणपणानं बजावलं होतं, "खंडेनवमीची पूजा राहू देऊ नका. घरच्यासारखी नीट करा."

त्यांनी नीटच केली होती. पंप धुऊन पुसून ठेवलेला, वर हळदीकुंकू, झेंडूचा हार.

"कधी बंद केला, मामा?"

"काल सकाळीच की. आमच्याकडं त्या दिशी ट्रॅक्टरबी हालत न्हाई. मशीनला एक दिस सुट्टी." त्यांनी आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घ्या, ताई."

पान घेऊन मी खिशात कोंबलं. नमस्काराचं भान राहिलं नाही. रागावू तरी कुणावर? आमच्याही घरी त्या दिवशी वडिलांची स्कूटर कुणी काढत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

पंप चालू केला. कुजक्या अंड्याचा वास सुटला. तळाचे दाणे काळपट पडले होते. थोडं पाणी काढून त्यात रसायन घातलं. आमची चाचणी साधी असते, फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. ते शाईसारखं निळं झालं.

"मेले का वो?" मामांनी हळूच विचारलं.

"जगले असतील तर संध्याकाळपर्यंत परत गिळतील."

तासाभरानं पुन्हा निळं. त्यानंतरही निळंच. मामा जेवायला गेले नाहीत. खुर्ची असून जमिनीवर बसून राहिले. मी भ्याले होते, सरळ सांगते. घरी मला गटाराची डॉक्टरीण म्हणून चिडवत. आता तीही होणार नव्हते.

उन्हं उतरताना काढलेलं पाणी मी खिडकीशी धरलं. निळी झाक होती, पण फिकी.

"गिळायला लागलेत, मामा."

उठून मामांनी पंपावरचा हार तेवढा उतरवला. मग मला खिशातलं पान आठवलं. ते पार चुरगळलं होतं. तेच त्यांच्या हातावर ठेवून मी वाकले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण कान दोघांचेही पंपाकडे होते.